दुसऱ्या गाडीचे चाक

अचलपूर-परतवाड्याकडे बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी आठवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही बंड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो होतो. लोखंडी धाव तापवून चाकावर कशी चढवतात, उष्णतेने धातू प्रसरण कसा पावतो, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे एवढाच हेतू होता. धाव चढली, पाणी ओतले, वाफेचा लोट उठला. मुले खूश झाली. मग एका मुलाने शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बंडीकडे बोट दाखवून विचारले, “काका, हे चाक त्या बंडीले बसन का?” मिस्त्री हसले. म्हणाले, “त्या बंडीले तिचंच चाक लागते, बाबू. हे तिले कसं बसन? बसवाचं म्हटलं तं घासा लागते.”

शाळेत परतताना धावेचे प्रसरण बाजूला राहिले आणि चर्चा ‘घासा लागते’ या दोन शब्दांवर येऊन ठेपली. दोन्ही बंड्या एकाच मिस्त्रींनी बनवलेल्या, लाकूड एकाच जातीचे, हत्यारे तीच. तरी एकीचे चाक दुसरीला चालत नाही! आणि शाळेसमोर पंक्चर झालेल्या मोटारीचा ड्रायव्हर मात्र दुकानातून आणलेला कोणताही नट कोणत्याही चाकाला लावतो आणि निघून जातो. हा फरक कधी पडला, कसा पडला, कोणी पाडला? उत्तर शोधायला लागलो, तेव्हा वाट अमेरिकेतल्या पहिल्या ‘घाऊक’ मोटारींपर्यंत गेली आणि तिथून पुन्हा मुंबईला परत आली.

कानस हे हत्यार

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारीही बंडीसारख्याच बनत. युरोपातील कारखान्यात एकेका गाडीभोवती कसबी फिटर जमत. ओतलेला, कातलेला भाग हातात घ्यायचा, जागेवर लावून पाहायचा, बसला नाही तर कानशीने घासायचा, पुन्हा लावायचा. या कामाला ‘फिटिंग’ म्हणतात ते उगीच नाही. अशा गाडीचा प्रत्येक भाग त्या गाडीपुरता खरा. गाडी उत्तम होई, पण महाग होई आणि वाटेत काही मोडले तर बनवणाऱ्या माणसाच्या तोडीचा माणूस शोधावा लागे.

आमच्या गावाला याचे एक चांगले उदाहरण आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी ‘शकुंतला’ नावाची अरुंद रुळांची गाडी १९१३च्या सुमारास सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेला हा मार्ग. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४पर्यंत धावले. सत्तर वर्षे! अशा इंजिनाचा एखादा भाग झिजला की तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. कारखान्यातल्या कारागिराने तो त्या इंजिनापुरता घडवायचा असतो. इंजिन टिकले ते त्याच्या भक्कमपणाने आणि त्या कारागिरांच्या हाताने. आणि योगायोग असा, की आमच्याकडे ही गाडी येत होती त्याच सुमारास, १९१३ साली, अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून कानस हद्दपार होत होती.

फोर्ड यांचे नाव घेतले की ‘सरकता पट्टा’ आठवतो. अनेक पाठ्यपुस्तकांत तेवढेच असते. पट्टा आला, मोटारी स्वस्त झाल्या, गोष्ट संपली. आमच्या मते ही गोष्ट उलटी सांगितली जाते. पट्टा शेवटी आला. त्याआधी जे व्हावे लागले ते अधिक अवघड होते, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला अधिक कामाचे आहे.

कापसापासून बंदुकीपर्यंत

हा धागा कापसाशी जाऊन मिळतो, हे वऱ्हाडच्या वाचकांना आवडेल. सरकी काढण्याचे दातेरी यंत्र १७९३ साली बनवणारे अमेरिकेचे इलाय व्हिटनी यांनी १७९८ साली सरकारकडून दहा हजार बंदुका बनवण्याचे कंत्राट घेतले. (आपल्या जिनिंग फॅक्टऱ्यांत बहुतेक दिसते ते रोलरचे जिन. ते वेगळ्या घराण्याचे.) सर्व बंदुकांचे भाग एकसारखे असतील, कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसेल, असा त्यांचा दावा होता. पुष्कळ पुस्तकांत व्हिटनी यांना या कल्पनेचे जनक म्हटलेले आढळते. पण त्यांच्या उरलेल्या बंदुका पुढे तपासल्या गेल्या तेव्हा भाग अदलाबदल करण्याजोगे नव्हते असे दिसून आले. त्यांवरही कानस चाललेली होती. बंदुका पूर्ण द्यायलाही १८०९ साल उजाडले. ही कल्पना खरोखर साधली ती १८२०च्या दशकात हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल यांनी, आणि पुढे स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराने. शस्त्रागारांतली माणसे मग शिवणयंत्रे, सायकली बनवणाऱ्या कारखान्यांत गेली आणि शेवटी मोटारींत आली. ज्ञान पुस्तकातून कमी आणि नोकरी बदलणाऱ्या माणसांबरोबर जास्त प्रवास करते, याचा हा नमुना होय.

त्यांपैकीच एक हेन्री लेलँड. तरुणपणी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात काम केलेले, नंतर मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्प कंपनीत तयार झालेले. ते पुढे कॅडिलॅक मोटारींचे प्रमुख झाले. १९०८ साली इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या घेतल्या, नटबोल्टांपर्यंत सुट्या केल्या आणि सगळे भाग एका ढिगात मिसळून टाकले. त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे घातले. मग पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्याच हत्यारांनी तीन गाड्या पुन्हा जोडल्या. कानस वापरायची नाही ही अट. एकीचे अंग दुसरीला लागल्याने गाड्या रंगीबेरंगी झाल्या, पण तिन्ही सुरू झाल्या आणि ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर पाचशे मैल, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटर पळाल्या. क्लबने त्या वर्षाची डेवार ट्रॉफी कॅडिलॅकला दिली. मिस्त्रींच्या बंडीला जे जमत नव्हते ते इथे जमले होते.

‘अचूक’ नव्हे, ‘हद्दीत’

कसे जमले? विद्यार्थी म्हणतात, “सर, अगदी अचूक माप घेऊन.” इथेच थांबून विचार करायला हवा. अगदी अचूक असे माप जगात नसते. दोन वस्तू कधीही तंतोतंत सारख्या नसतात. मग युक्ती अशी, की अचूकतेचा हट्ट सोडायचा आणि चुकीला हद्द घालायची.

समजा, २५ मिलिमीटर जाडीचा आस एका भोकात फिरवायचा आहे. आपण ठरवू की आस २४.९५ ते २५.०० मिलिमीटरच्या दरम्यान कितीही असो, आणि भोक २५.०२ ते २५.०७च्या दरम्यान कितीही असो. आता सर्वांत जाड आस सर्वांत लहान भोकात घातला तरी ०.०२ मिलिमीटर मोकळीक राहते. सर्वांत बारीक आस सर्वांत मोठ्या भोकात घातला तर ०.१२ मिलिमीटर. एवढी मोकळीक आपल्याला चालणार असेल, तर कोणताही आस कोणत्याही भोकात बसलाच पाहिजे. बनवणारे दोघे एकमेकांना कधी भेटले नसले तरी!

तपासणीही सोपी होते. आस मोजतच बसायचे नाही. दोन कडी करून ठेवायची, एक २५.०० मिलिमीटरचे, दुसरे २४.९५चे. पहिल्यातून आस गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. ‘जातो’ आणि ‘जात नाही’, एवढेच गेज. ते वापरायला वर्षानुवर्षांचे कसब लागत नाही. कसब गेज बनवणाऱ्याकडे गेले.

याचा एक प्रयोग वर्गात अवश्य करावा. खर्च काहीच नाही. जाड पुठ्ठ्याची वीस सेंटिमीटर लांबीची पट्टी कापून पहिल्या मुलाला द्या. त्याने ती दुसऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने कडा आखायच्या, नवी पट्टी कापायची आणि फक्त नवी पट्टी पुढच्याला द्यायची. अशी विसाव्या मुलापर्यंत साखळी चालवा. पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीमुळे पट्टी दर वेळी किंचित वाढते. ही वाढ अर्धा मिलिमीटर धरली तरी विसाव्या पट्टीपर्यंत एक सेंटिमीटर होते. आता दुसऱ्या वीस मुलांना मूळ पट्टीच आळीपाळीने द्या. प्रत्येकाची पट्टी मूळ पट्टीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी निघेल, म्हणजे सगळ्यांचीच चुकेल. पण त्या वीस पट्ट्या एकमेकींशी जुळतील! अदलाबदलीसाठी एवढेच पुरते. म्हणूनच कारखान्यात मूळ गेज कुलपात ठेवतात आणि रोजच्या वापराची गेजे त्याच्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहतात. स्वीडनचे योहान्सन यांनी पोलादाच्या घासून गुळगुळीत केलेल्या ठोकळ्यांचे संच यासाठी तयार केले. असे दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की ते चिकटून बसतात. फोर्ड यांनी १९२३ साली योहान्सन यांचा अमेरिकेतील व्यवसायच विकत घेतला, यावरून त्यांना या ठोकळ्यांची किंमत किती वाटत होती ते कळते.

सत्तावीस सेकंद

घाऊक प्रमाणावर विकली गेलेली पहिली अमेरिकन मोटार फोर्ड यांची नव्हे. तो मान रॅन्सम ओल्ड्स यांच्या ‘कर्व्ह्ड डॅश’ या छोट्या गाडीचा. एका सिलिंडरचे इंजिन, चक्राऐवजी वल्ह्यासारखा दांडा, किंमत ६५० डॉलर. १९०१ साली त्यांच्या कारखान्याला आग लागली. मग ओल्ड्स यांनी भाग बाहेरून बनवून घेतले. इंजिने लेलँड यांच्या कारखान्यातून आली, गिअर डॉज बंधूंकडून. (डॉज हे नाव लक्षात असू द्यावे, ते पुढे कुर्ल्याला भेटणार आहे.) १९०१मध्ये ४२५, तर १९०२मध्ये सुमारे २,५०० गाड्या निघाल्या.

फोर्ड यांची ‘टी’ मॉडेल १९०८च्या ऑक्टोबरात आली. चार सिलिंडर, वीस अश्वशक्ती, किंमत ८५० डॉलर. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली, जमिनीपासून उंच, चाकांचे आरे लाकडाचेच. तिला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी बसायच्या जागेखाली आणि पेट्रोल गुरुत्वाने इंजिनाकडे उतरे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की पुरवठा तुटे. मग चालक गाडी फिरवून उलटी, मागच्या बाजूने चढवी! चिखलदऱ्याच्या घाटात ही गाडी पाठमोरी चढताना कशी दिसली असती, हे मुलांना फळ्यावर काढायला सांगावे. टाकी आणि इंजिन यांच्या पातळ्या काढल्या की कारण आपोआप समजते.

आता पट्ट्याकडे येऊ. एप्रिल १९१३मध्ये हायलंड पार्कला पहिला प्रयोग झाला तो पूर्ण गाडीवर नव्हे, तर ठिणगीसाठी वीज देणाऱ्या मॅग्नेटोवर. आधी एक कामगार एक मॅग्नेटो एकटा जोडी, त्याला सुमारे २० मिनिटे लागत. ते काम २९ जणांत वाटले आणि मॅग्नेटो एकाकडून दुसऱ्याकडे सरकवला. वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आली. विद्यार्थ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगतो. ही १३ मिनिटे म्हणजे एका मॅग्नेटोमागे खर्ची पडलेले एकूण मनुष्यश्रम. २९ माणसे नऊ तासांत १५,६६० मनुष्य-मिनिटे काम करतात. भागाकार करा, सुमारे ११९० मॅग्नेटो होतात. म्हणजे दर सत्तावीस सेकंदांना एक.

या सत्तावीस सेकंदांत सगळे आले. रांगेतल्या एखाद्याला हातातला भाग बसेना आणि त्याने मिनिटभर कानस चालवली, तर उरलेले अठ्ठावीस जण हात बांधून उभे राहणार. कानस असेल तर रांग चालणार नाही. रांग हवी असेल तर प्रत्येक भाग पहिल्या झटक्यात बसलाच पाहिजे. म्हणून आम्ही म्हणतो की पट्टा शेवटी आला. आधी गेज आले, मग एकच काम करणारी यंत्रे आली, मग पट्टा. पुढे पट्ट्याची उंची आणि वेग सुधारून मॅग्नेटो ५ मिनिटांवर आला. पूर्ण सांगाड्याची जुळणी साडेबारा तासांवरून १९१४च्या वसंतापर्यंत १ तास ३३ मिनिटांवर आली. १९२५ साली टीची सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरला मिळत होती. १९२७ साली उत्पादन थांबवले तेव्हा दीड कोटी गाड्या झाल्या होत्या.

याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. दर अर्ध्या मिनिटाला तोच बोल्ट तसाच पिळायचा, दिवसभर, वर्षभर. कामगारांनी पायांनी मत दिले. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षात बावन्न हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. शंभर जागांमागे सुमारे ३७० भरत्या! जानेवारी १९१४मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक. याला औदार्य म्हटले गेले. आम्हाला तो हिशेबही वाटतो. पूर्ण पाच डॉलर मिळण्यासाठी कामगाराचे घर कसे आहे, तो दारू पितो का, हे कंपनीची माणसे येऊन तपासत. फिटरच्या कामाला आनंद होता आणि पगार कमी. या कामाला पगार होता.

खोक्यांतून मुंबईला

या गाड्या हिंदुस्थानात आल्या त्या बव्हंशी कॅनडामार्गे. ब्रिटन वगळता साम्राज्यातील बाजाराचे हक्क १९०४ साली स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. त्याच कंपनीच्या हाताखाली १९२६ साली फोर्डची हिंदी कंपनी निघाली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईला शिवडीत जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. भाग सुटे करून लाकडी खोक्यांत भरून येत, इथे जोडले जात. एका खंडात कातलेला आस आणि दुसऱ्या खंडात तो बसवणारा कामगार, मधे समुद्र. त्या दोन कड्यांची करामत याहून मोठी काय असणार?

खेड्यापाड्यांत मोटार पोचली ती बहुधा बसच्या किंवा मालट्रकच्या रूपाने. इंजिन आणि सांगाडा अमेरिकन, त्यावरची लाकडी पेटी मात्र इथल्या सुतारांनी बांधलेली. खालचा अर्धा कुठल्याही सारख्या गाडीशी बदलता येणारा, वरचा अर्धा त्या एकाच गाडीपुरता घासून बसवलेला. बंडीचा मिस्त्री बेकार झाला नाही, एक मजला वर चढला इतकेच.

पण जोडणे म्हणजे बनवणे नव्हे, हे काही माणसांना स्पष्ट दिसत होते. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात अमेरिका-युरोपातील कारखाने पाहून मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. ब्रिटिश सरकारने युद्धाच्या काळात साथ दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, फार्गो ही नावे मराठी मुलखात यामुळे रुळली. ओल्ड्स यांना गिअर पुरवणाऱ्या डॉज बंधूंची कंपनी तोपर्यंत क्रायस्लरकडे गेली होती.

सुरुवातीला कुर्ल्यालाही खोकीच उघडली जात. १९५३ साली सरकारने ठरवले की फक्त जुळणी करणाऱ्यांनी हा धंदा बंद करावा, हळूहळू भाग इथेच बनवणाऱ्यांनी राहावे. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला, फोर्डनेही आवरते घेतले. उरलेल्यांपुढे खरे काम उभे राहिले, ते पट्टा बसवण्याचे नव्हे. स्प्रिंगा, पिस्टन, गिअर, बेअरिंग हद्दीत बनवून देणारे शेकडो लहान कारखाने हवे होते. त्यांना गेजे हवी होती, आणि गेजे बनवणारी माणसे हवी होती.

दोन डब्यांचा प्रश्न

एक अडचण मात्र उरलीच. ‘कोणताही भाग कोणत्याही गाडीला’ हे एका घराण्यापुरतेच खरे. इंग्लंडच्या व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. अमेरिकेच्या सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंश ठरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना एकमेकांचे बोल्ट लागत नव्हते! १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा समान आटा मान्य केला. मग मेट्रिक आटे आले, त्यांचाही कोन ६० अंशांचा, पण आट्यांमधले अंतर वेगळे. जुन्या इंग्रजी, अमेरिकन आणि नव्या गाड्या एकाच गॅरेजमध्ये आल्या की मेकॅनिकला पान्यांचे निरनिराळे संच ठेवावे लागत.

परतवाड्याच्या एका भंगारवाल्याकडून आम्ही शाळेसाठी मूठभर जुने नटबोल्ट आणले आहेत. दर वर्षी मुलांना ते वाटतो आणि जोड्या लावायला सांगतो. कानस द्यायची नाही, एवढीच अट. काही नट दोन-तीन आटे सहज फिरतात आणि मग अडकतात. ते का अडकतात, हे मुलांनी पट्टी आणि भिंगाने आटे मोजून शोधायचे. बंडीच्या चाकाबद्दल विचारणारा तो मुलगा पुढे आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला गेला. मागे भेटायला आला तेव्हा त्या ढिगातून न जुळणारा एक नट उचलून खिशात घालून घेऊन गेला. तो नट कोणत्या आट्याचा निघाला, ते अजून त्याने कळवलेले नाही.